बशीतल्या चहावर फुंकर

घणसोलीहून एका सुनेचं पत्र आलं आहे. वय ३९, महापेला नोकरी. नवरा रबाळ्याला शिफ्टमध्ये, मुलगा नववीत. सासरे ७२ वर्षांचे, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी साताऱ्याकडून मुंबईला आले, आधी मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी म्हणून पोती वाहिली. चाळीस वर्षांची बिडी चार वर्षांपूर्वी सुटली. आबांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन हळूहळू वाढत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. गेल्या महिन्यात छाती भरली म्हणून नऊ दिवस ॲडमिट होते, त्यातले तीन दिवस बायपॅपच्या, म्हणजे दाबाने श्वास देणाऱ्या यंत्राच्या मास्कवर. आता ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर घेऊन घरी आले आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलंय: प्रवाह मिनिटाला दीड लिटर, दिवसाला किमान १५ तास, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८८ ते ९२ टक्के.

त्या लिहितात: "आकडा ८९ दिसला की माझे हातपाय गळतात. वन्सं दर रविवारी कामोठ्याहून येतात, मशीन चारवर नेतात आणि म्हणतात, ऑक्सिजनची कसली काटकसर करता? मग आकडा ९७ होतो, आबा शांत झोपतात. सोमवारी सकाळी मात्र डोकं धरून बसतात आणि दुपारपर्यंत पेंगतात. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत वन्संचे यजमान गेले, त्यामुळे मी त्यांना काही बोलू शकत नाही. आम्ही कामावर गेलो की आबा नळी काढून ठेवतात, हे शेजारणीने सांगितलं. रात्री दोन-तीनला धाप लागते, मी उठते. सारखं म्हणतात, मला खाली कट्ट्यावर ने, आमच्या माथाडी टोळीतली माणसं बसलेली असतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, कशी नेऊ? नातेवाईक म्हणतात चोवीस तासांची नर्स ठेवा, नाहीतर परत ॲडमिट करा. मी नोकरी सोडावी का? रात्री काही झालं तर तो माझा दोष असेल का?"

प्रिय ताई,

तुमचे प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवते, आधी सोमवार सकाळचं बोलू. आबा रविवारी चार लिटरवर असतात, शांत झोपतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून पेंगत राहतात, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. माझ्या लेखी तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. हे वाचाल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि जसंच्या तसं सांगा. दीडच्या वर प्रवाह कुणीही न्यायचा नाही, एवढं घरात आजच ठरवा. अशी पेंग पुन्हा दिसली तर ऑक्सिजन एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. प्रवाह दीडवर आणा, आबांना बसतं करा, हाक मारा, डॉक्टरांना कळवा. हाकेला नीट जागे होत नसतील तर कुणाची वाट न बघता १०८ ला फोन.

मी वॉर्डात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी छातीच्या रुग्णांत. नवीन होते तेव्हा एका रात्री एका आजोबांच्या मुलाने परस्पर ऑक्सिजन वाढवला आणि मला म्हणाला, "बघा सिस्टर, बाबा किती दिवसांनी शांत झोपलेत." मलाही बरं वाटलं. मी पुढच्या खाटेकडे गेले. थोड्या वेळाने आमच्या सीनियर सिस्टर राउंडला आल्या, त्यांनी आजोबांच्या खांद्याला हात लावून दोनदा हाक मारली. आजोबा उठेनात. धावपळ झाली, मास्क लावून श्वास द्यावा लागला. आजोबा वाचले. पण त्या रात्रीपासून सीओपीडीच्या रुग्णाची शांत झोप मी कधी लांबून बघितली नाही. जवळ जाऊन, हाक मारून बघितली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे वन्संनाही सांगता येईल. आबांच्या फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिकडचा रक्ताचा रस्ता शरीर आपणहून आवळून धरतं, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळतं. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की हे आवळलेले रस्ते सैल होतात, रक्त पुन्हा निकामी भागातून फिरू लागतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड पूर्वीसारखा धरून ठेवत नाही, आणि श्वासाचा जोरही थोडा ओसरतो. तिन्ही मिळून तो वायू रक्तात साचतो. तो साचला की माणूस तडफडत नाही, डोकं दुखतं आणि झोप येते. ऑक्सिमीटरला हा वायू दिसतच नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो. म्हणून ९७ बघून घर निर्धास्त होतं आणि आतमध्ये माणूस बुडत असतो.

हे काही नवं ज्ञान नाही. अशा रुग्णांना मोजूनमापून ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क डॉ. कॅम्पबेल यांनी १९६० मध्येच मांडला होता. २०१० मध्ये टास्मानियातल्या ॲम्ब्युलन्सवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. धाप लागलेल्या सुमारे ४०० रुग्णांत काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ राहील इतकाच. भरपूर मिळालेल्यांत १०० मागे ९ जण दगावले, मोजून मिळालेल्यांत ४. तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या दोन आकड्यांत काटकसर नाही. आबांची मात्रा तेवढी आहे. शुगर वाढलेली दिसली म्हणून इन्सुलिन कुणी अंदाजाने दुप्पट करत नाही, तसंच हे. ८९ म्हणजे आबा पास झालेत ताई, काठावर नव्हे, चांगले पास.

आता वन्संबद्दल. तुम्ही म्हणता काही बोलू शकत नाही. मला वाटतं बोलायला हवं, पण मशीनपाशी उभं राहून आणि रविवारी नको. त्या एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, घराघरांत माणसं बोटाला यंत्र लावून बसली होती. ९४ च्या खाली गेलं की बेडसाठी फोन, सिलिंडरसाठी रांग. ज्यांनी त्यात आपलं माणूस गमावलं, त्यांच्या मनात तो आकडा कायमचा बसला. त्या आजारासाठी तो बरोबरही होता, कारण तिथे धडधाकट फुप्फुसं चार दिवसांत निकामी होत होती. आबांच्या शरीराने वर्षानुवर्षं हळूहळू कमी ऑक्सिजनवर संसार जमवून घेतलाय. तो आजार वेगळा, हा वेगळा. पण वन्सं चारवर काटा नेतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आबा एकटे नसतात, त्यांचे यजमानही असतात. हे तुम्हाला दिसलेलं आहे, म्हणून तर तुम्ही गप्प राहिलात.

पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या की चार लिटर का नको. तुमच्या तोंडून ते सुनेचं म्हणणं ठरेल, डॉक्टरांकडून ऐकलं तर औषधाची गोष्ट राहील. आणि त्यांना रविवारचं खरं काम द्या. आबांची आंघोळ स्टुलावर बसवून, नाकाला नळी ठेवूनच, गार पडू न देता. केस धुणं, नखं कापणं, कानामागची कातडी लाल झालीय का बघणं. त्यांच्या हातांना काहीतरी करायचंय. काटा फिरवण्यापलीकडे करण्यासारखं किती आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

रात्रीच्या धापेवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी घरांत रात्री दोनला हेच चाललेलं असतं.

दम लागणं आणि ऑक्सिजन कमी पडणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रात्री धाप लागलेली असताना आबांचा आकडा बघितलात तर अनेकदा तो ९०-९१ असेल. मग दम कशाचा? सीओपीडीत हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. आधीची बाहेर पडायच्या आत पुढची आत येते, छाती हवेने फुगून राहते, श्वासाचा मुख्य पडदा दाबून सपाट होतो आणि त्याला काम करायला जागाच उरत नाही. आबांना हे असं सांगा: पोतं गळ्यापर्यंत भरलेलं आहे, आणखी माल हवा तर आधी थोडं रिकामं करावं लागेल. आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाला एवढं पुरे.

म्हणून अशा वेळी "श्वास घ्या, श्वास घ्या" म्हणू नका. "सोडा, हळू सोडा" म्हणा. छोटा दिवा लावा, मोठी ट्यूब नको. आबांना पलंगाच्या कडेला बसवा, पाय जमिनीला टेकलेले. पुढ्यात स्टूल किंवा टेबल, त्यावर दोन उशा, कोपरं उशांवर टेकवून पुढे झुकलेले. हात असे टेकले की खांद्याचे आणि मानेचे स्नायू श्वासाला मदत करू शकतात. टेबल फॅन किंवा हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर, गाल आणि नाकाशी. त्या गार झुळकीने दम लागल्याची भावना कमी होते, हे अभ्यासांतून दिसलंय आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. मग फुंकर. बशीत ओतलेल्या गरम चहावर मारतो तशी, ओठांचा चंबू करून. नाकाने आत घेताना मनात दोन अंक, फुंकताना चार. तुम्ही शेजारी बसून स्वतः तशीच फुंकर मारा, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. घाबरलेल्या माणसाला सूचना ऐकू येत नाहीत, शेजारच्या माणसाची लय मात्र लागते. प्रश्न विचारायचेच तर मान हलवून उत्तर देता येईल असे विचारा. धाप लागल्यावर घ्यायचा पंप डॉक्टरांनी दिलेला असेल तर तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं, लावून द्या.

ऑक्सिमीटर नंतर. दहा मिनिटांनी, बोट गार असेल तर चोळून ऊब आणून, आकडा अर्धा मिनिट स्थिर होऊ देऊन. आकड्यापेक्षा श्वास मोजणं जास्त उपयोगी पडतं आणि त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते पुरं एक मिनिट मोजा, आबांना न सांगता. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. आबांचे नेहमीचे किती ते चांगल्या दिवशी मोजून ठेवा, २२ असतील, २४ असतील. ही फुंकर दिवसा चार वेळा घोटून घ्या. रात्री दोनला पहिल्यांदा शिकवायला गेलात तर जमणार नाही.

जाता जाता पंपाबद्दल एक. फवाऱ्याचा पंप हळू, लांब श्वासाने ओढायचा आणि मनात दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा. कॅप्सूल घालून ओढायचा तो जोरात, झटक्यात ओढायचा. निम्म्या घरांत हे उलटं चाललेलं असतं आणि दोष औषधाला दिला जातो. पुढच्या भेटीत आबा पंप कसा घेतात ते डॉक्टरांना किंवा तिथल्या सिस्टरला करून दाखवा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि जेवण तुटतं.

आबा नळी काढून ठेवतात हे शेजारणीकडून कळलं, असं लिहिलंय. त्यांना कुणी विचारलं का, की आबा, नळीचा काय त्रास होतो? मी अशा खूप माणसांना विचारलंय आणि उत्तरं साधी असतात. कानामागे काचतं. नाक कोरडं पडून रक्ताचा थेंब येतो. मशीनचा आवाज डोक्यात जातो. लोक बघतात. आणि एक उत्तर माणसं सहसा सांगत नाहीत: मीटर पळतोय. पोती वाहून घर उभं केलेल्या माणसाला आपल्या श्वासाचं बिल मुलाच्या अंगावर पडतंय हे सहन होत नाही. मशीनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. ३५० वॅट असेल तर १६ तासांना साडेपाच युनिट, बस. हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. मनात ठेवलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो.

कानामागे मऊ कापसाची घडी. नळीची नाकातली टोकं खाली वळलेली असावीत, उलटी घातली तर टोचतात. नाकाला आणि ओठांना पाण्यातलं जेल लावा, केमिस्टकडे मिळतं. व्हॅसलीन, खोबरेल, बाम नको, कारण तेलकट पदार्थ ऑक्सिजनपाशी पेट घेऊ शकतात.

आता १५ तासांचं. हा आकडा आला कुठून? १९८० मध्ये अमेरिकेत आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. ज्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीसुद्धा कायम खूप कमी असतो, अशा सीओपीडीच्या रुग्णांनी रोज १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन घेतला तर ते जास्त जगले. म्हणजे हे मशीन धाप शमवायला दिलेलं नाही. हृदयावरचा भार महिनोन्महिने कमी राहावा म्हणून दिलंय. हे कळलं की बरंच काही सोपं होतं. रात्री १० ते सकाळी ७ हे नऊ तास झाले. दुपारी १ ते ४ तीन, संध्याकाळी टीव्हीसमोर ६ ते ९ तीन. झाले १५. उरलेल्या वेळात निवांत बसलेले असताना नळी काढली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. चालेल म्हणाले, तर आबांनी चोरून काढलेली नळी वेळापत्रकात बसते. चालताना, संडास-आंघोळीला, जेवताना मात्र शरीराला जास्त लागतो, तेव्हा ती नाकाला असलेली बरी.

इतर वाचकांसाठी इथेच सांगते. मशीन आपल्या मनाने विकत आणू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिजन थोडासाच कमी असलेल्या रुग्णांना घरच्या ऑक्सिजनचा आयुष्य वाढायला किंवा ॲडमिट होणं टळायला फायदा दिसला नाही. आणि ताई, तुमच्यासाठी हे: हॉस्पिटलमधून नुकत्याच सुटलेल्या रुग्णाची दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. फुप्फुस सावरलं तर काहींचं मशीन सुटतंही. तारीख विचारून ठेवा.

मशीनचं थोडक्यात. ते खोलीतलीच हवा ओढून त्यातला नायट्रोजन बाजूला काढतं, म्हणून ते भिंतीला, पडद्याला चिकटवू नका, वीतभर तरी मोकळं ठेवा आणि मागची जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. मशीनवर प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतल्या गोळीचा मध्य रेघेवर हवा, तोही डोळे त्या उंचीला नेऊन बघा. दीडच्या रेघेला रंगीत चिकटपट्टी लावा. हवा येतेय का अशी शंका आली तर नळीची टोकं भांडंभर पाण्यात बुडवा, बुडबुडे दिसतील. पाण्याची बाटली जोडलेली असेल तर पाणी रोज बदला, नाहीतर जंतू थेट छातीत. दीड लिटरला ती बाटली बहुतेकदा लागतही नाही.

देवघर आणि गॅस मशीनपासून किती लांब आहेत? लहान घरात हे अवघड असतं हे मला माहीत आहे. नळी लावलेल्या माणसाजवळ निरांजन, उदबत्ती, कापूर काही नको. आबांना देवाला दिवा लावायचा असेल तर तो नातवाच्या हातून लावा. मच्छर कॉइल तर घरातून हद्दपारच करा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. मच्छरदाणी लावा. बिडी सुटलीय हे फार चांगलं झालं, आता घरात दुसऱ्या कुणीही ओढायची नाही. वीज गेली तर म्हणून एक छोटा भरलेला सिलिंडर रेग्युलेटरसकट असू द्या आणि त्याची चावी दोरीने त्यालाच बांधा. अंधारात चावी शोधण्यात गेलेली मिनिटं मी पाहिलेली आहेत.

आता नर्स. आबांना आज सलाईन नाही, गळ्यात नळी नाही, कफ यंत्राने ओढावा लागत नाही. त्यांना चोवीस तास नर्स लागत नाही. गळ्याला छिद्र असलेल्या किंवा घरी नव्याने बायपॅप सुरू झालेल्या रुग्णाला मात्र शिकलेली नर्सच हवी. ब्युरोवाले ज्यांना नर्स म्हणून पाठवतात त्यांतल्या पुष्कळ जणी खरं तर मदतनीस मावश्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते कळायला हवं. नर्स म्हणून ठेवत असाल तर जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालाय का आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी तुमच्या जागी असते तर दोन-तीन भेटींपुरती शिकलेली नर्स बोलावून घरातल्या सगळ्यांनी तिच्याकडून शिकून घेतलं असतं आणि तुम्ही कामावर असता त्या वेळापुरती एक समजूतदार मावशी ठेवली असती. मावशीसाठी एक पान लिहून भिंतीला: नळी कधी, पंप कधी, थोडं थोडं खायला किती वेळा, कुणाला फोन. आणि वर ठळक: काटा हलवायचा नाही.

नोकरी सोडू नका. मी घोळून घोळून सांगत नाही, कारण या एका बाबतीत मला शंका नाही. हा आजार महिन्या-दोन महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे. मावशीचा पगार तुमच्या पगारातूनच निघणार आहे. आणि आत्ता तुम्हाला खाऊन टाकतंय ते जागरण आहे, नोकरी सोडून ते थांबत नाही. तुमच्या इतक्या मोठ्या पत्रात यजमान एकदाच येतात, ते शिफ्टला जातात तेव्हा. ताई, आबा त्यांचे वडील आहेत. हॉस्पिटलात एकच सिस्टर तिन्ही पाळ्या करत नाही. आठ तासांनी ती पुढचीला सगळं सांगून घरी जाऊन झोपते, म्हणून रुग्ण जगतो. तुमच्याही घरात पाळ्या लावा. यजमान रात्रपाळीला नसतील त्या आठवड्यात रात्री त्यांच्या. महिन्यातून दोन रात्री वन्सं, पण डॉक्टरांशी बोलणं झाल्यानंतर. फुंकर, उशा, पंखा हे त्यांनाही शिकवा. "त्यांना जमत नाही" असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं?

एक वही ठेवा. सकाळ-संध्याकाळ एक ओळ: श्वास किती, आकडा किती, कफाचा रंग, पायावर सूज, जेवले का. मुलाला संध्याकाळची ओळ लिहू द्या, पण रात्रीची जबाबदारी त्याच्यावर नको.

रात्री काही झालं तर, हे विचारलंत. खरं सांगते, काहीतरी होईल. हा आजार मधूनमधून उसळतो, उत्तम सांभाळलेल्या माणसालाही. न्यूमोनियाची आणि दरवर्षीची फ्लूची लस घेतली तर उसळी कमी वेळा येते, ती घेतली नसेल तर विचारून घ्या. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, ताप आला, पाय सुजले, नेहमीपेक्षा जास्त दम लागतोय असं दोन दिवस वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. झोप येत नाही म्हणून घरातली झोपेची गोळी कधीच नाही, ती श्वास मंदावते. आणि एक वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळे-काळे, श्वास मिनिटाला ३० च्या वर, छातीत दुखतंय, भ्रम झाल्यासारखं बोलतात, दीड लिटर चालू असून आकडा ८८ च्या खालीच राहतोय, यातलं काहीही दिसलं तर १०८. येणाऱ्यांना पहिलं वाक्य: "सीओपीडी आहे, ८८ ते ९२ वर ठेवायचंय." तेच एका कार्डावर लिहून आबांच्या खिशात असू द्या, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी ते वाक्य तिथे असेल. इतकं केल्यावरही जे होईल ते आजाराचं असेल, तुमचं नाही. आठवड्यातून चार रात्री तुम्ही झोपलेल्या असाल, तरीही नाही.

परत ॲडमिट करण्याबद्दल: वर सांगितलेली लक्षणं नसताना हॉस्पिटलात ठेवून आबांना घरी मिळतंय त्यापेक्षा जास्त काही मिळणार नाही, उलट तिथले जंतू आणि अंथरुणाला खिळल्याने जाणारी ताकद, हे दोन्ही पदरी पडतं. पण पुढे कधी वेळ आलीच तर बायपॅप पुन्हा लावून घ्यायचा का, त्याहून मोठं काही हवं की नको, हे आबांनाच विचारायला हवं. तीन दिवस तो मास्क त्यांनी सोसलाय, त्यांना मत असणार. बऱ्या दिवशी, दुपारी, यजमान समोर असताना विचारा. घाईने उत्तर मागू नका.

राहिला कट्टा. आबा पत्रात फक्त एक गोष्ट मागतात आणि ती ही. तीन मजले उतरणं-चढणं आज शक्य नाही, पण ताकद तशीच बसून राहिली तर कधीच होणार नाही. डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घ्या. विचारून खुर्चीतून उठणं-बसणं रोज पाच वेळा सुरू करा, उठताना फुंकर. मग दारापर्यंत, मग जिन्याच्या पहिल्या कठड्यापर्यंत. तोवर टोळीतल्या दोघातिघांना वर बोलवा. संध्याकाळची वेळ द्या, सहानंतर, आबा नळी लावून बसलेले असतील तेव्हा. त्यांनी नळी बघितली की आबांची लाज निम्मी जाईल. बिडी खालीच ठेवून या, एवढं आधी सांगा. चहा बशीतच द्या, आणि पहिली फुंकर आबांना मारू द्या.